आईपुढचं शून्य

गाडी आली तेव्हा आई फलाटावर नव्हती.

म्हणजे ती आली होती. गावातून काळीपिवळीने सहा किलोमीटर, माझी बॅग मांडीवर घेऊन आली होती आणि आमगाव स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती. पण रायपूरकडे जाणारी पॅसेंजर लेट होती, आणि साडेनऊ वाजून गेले तशी ती उठली. गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवायचं काम होतं तिचं. दहाला चूल पेटली नाही तर दुपारच्या सुटीत पंगत बसत नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "लेकरायचं ताट थांबत नाही बाई. पोचली का फोन करजो." पदर खोचला आणि चालायला लागली. मागे वळून पाहिलं नाही. मी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते, म्हणून खात्रीने सांगते.

सगळीकडे जाणारा जातो आणि आई फलाटावर उभी राहते. आमच्यात उलटं झालं. नोकरीसाठी निघालेली मी, आणि मला सोडून गेली ती. तेवीस वर्षांची होते, राग नाकाच्या शेंड्यावर. दरेकसाचा बोगदा येईपर्यंत रडले. बोगद्यातून गाडी बाहेर पडल्यावर डोळे पुसले आणि ठरवलं, हिला दाखवूनच देईन. काय दाखवायचं होतं ते तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नीट सांगता येत नाही.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारखं डोंगरगढ ओलांडून दुर्ग, भिलाई, रायपूरला आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही भेटलात की विचारता, आई कशी आहे, तुझ्याकडे का येत नाही, आता तर तुझं मोठं घर आहे. मी म्हणते, तिला करमत नाही इकडे. खोटं बोलते. खरं काय ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी विचारणार नाही तुम्ही.

माझे बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते. त्याच वर्षी आई शाळेत लागली. साठ-पासष्ट लेकरं, मोठं गंज म्हणजे पातेलं, आणि महिन्याचं मानधन एवढं की शहरात कोणाला सांगितलं तर तो म्हणेल, रोजचं का? ती सातवी शिकलेली, अक्षर गोल आणि टपोरं. म्हणून हेडमास्तरांनी रजिस्टरही तिच्याकडेच दिलं. आज पोरं किती, तांदूळ किती, डाळ किती, तेल किती, आणि शेवटी शिजवणाऱ्याची सही. ज्या दिवशी शाळा बंद, त्या दिवशी सगळ्या रकान्यांवरून आडवी रेघ मारून मधे एकच शब्द: निरंक. तेव्हा मला तो शब्द फार आवडायचा. कोणाचं तरी नाव असावं असं वाटायचं.

रायपूरला आले आणि पहिल्याच महिन्यात तो शब्द मला पुन्हा भेटला. सरकारी ऑफिसात संविदावर, म्हणजे कंत्राटी, कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती यायची, आणि जिथे काहीच नसेल तिथे इकडच्या हिंदीतही हाच शब्द: निरंक. मी आईला फोनवर सांगितलं तर तिला केवढं नवल! म्हणाली, "मंग तं तू घरीच हायेस."

बाकी काहीच घरचं नव्हतं. एवढंच काय, बोलणंही हळूहळू सुटलं. आधी 'हो' जाऊन 'हाँ' आलं, मग ऑफिसातल्या बायकांचं ऐकून 'हव' आलं. निलेशशी लग्न झालं. तो नावाचा मराठी. आजोबा रेल्वेत लागून नागपूरकडून इकडे आलेले, तेव्हापासून तीन पिढ्या रायपूरच्याच. मराठी कळतं सगळं, उत्तर हिंदीत देतो. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, सासरे मोठ्या दिरांकडे बिलासपूरला. आम्ही दोघं बूढ़ापाऱ्यात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने. निलेश सदर बाजारातल्या एका सराफाकडे हिशेब लिहितो. दिवसभर दुसऱ्याचं सोनं मोजून माणूस घरी येतो तो स्वतःच्या घरातले कांदेसुद्धा मांडून ठेवतो. लग्नानंतर मलाही ती सवय लागली. आणि खरं सांगू, मला ती आवडली. आमच्या घरी पैसे नुसते संपायचे. इथे ते कशाने संपले हे तरी कळत होतं.

मग दिवस राहिले. आनंद झाला, आणि दुसऱ्याच दिवशी निलेशने विम्याची पॉलिसी काढून वाचली. लग्नानंतर लगेच घेतली होती, हप्ते वेळेवर भरत होतो. त्यात लिहिलेलं होतं की बाळंतपणाचा खर्च पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळेल. आमचं बाळ पाच महिने आधी येणार होतं. बाळाने पॉलिसी वाचली नव्हती. निलेश दोन दिवस बोलला नाही माझ्याशी, जसं काही मीच घाई केली. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, "चलो, बजट बनाते हैं."

सरकारी दवाखान्यात फुकट झालं असतं. मी स्वतः आमगावच्या सरकारी दवाखान्यात जन्मले आहे, हातीपायी धड आहे. आईने तसं सुचवलंही होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं असते, इकडे ये, म्हणाली होती, एकदा नाही, तीनदा. मी म्हटलं, "आई, इथं डॉक्टरीण ओळखीची झाली, रिपोर्ट सगळे इथं आहेत, मधेच कुठं पळू?" हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. त्या दवाखान्यातला लोखंडी पलंग, पलंगाखाली डबा घेऊन बसलेल्या बाया, तो फिनाईलचा वास आठवून मला नको वाटत होतं. जिथे माझा जन्म झाला ते माझ्या बाळाला चालणार नव्हतं. आहे ना गंमत? ती म्हणाली, "बरं, मंग मीच येतो."

तर बजेट. दर महिन्याची तपासणी. सोनोग्राफी चार वेळा. रक्ताच्या तपासण्या, गोळ्या, इंजेक्शनं. घराजवळच्या नर्सिंग होमच्या काउंटरवर जाऊन निलेश पॅकेजचा कागद घेऊन आला: नॉर्मल झालं तर एवढे, सिझर झालं तर जवळजवळ दुप्पट, आणि दोन्हींत जनरल वॉर्ड, सेमी आणि प्रायव्हेट असे तीन भाव. मग तो परत गेला आणि पॅकेजमध्ये काय काय नाही ते विचारून आला. औषधं नाहीत. भूल देणारा डॉक्टर नाही. बाळाचा डॉक्टर नाही. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर त्याचं भाडं रोजचं वेगळं. पुढे लसी. एक ओळ 'ऐनवेळचे' म्हणून. आम्ही दोघं रोज संध्याकाळी त्या आकड्यांवर बसायचो. सिझरच्या ओळीपाशी आलो की तो म्हणायचा, नहीं होगा, और नहीं हुआ तो ये पैसे बचेंगे. मी पोटावर हात ठेवून आकडे ऐकायची. रजेतला पगार कधी निघेल याचा भरवसा नव्हता, आणि बेरीज काही केल्या खाली येत नव्हती.

सगळ्यात शेवटी एक मथळा होता, बाळंतपणानंतरची मदत. त्याखाली दोन ओळी. इकडे घरी राहून बाळ-बाळंतिणीचं करणारी बाई मिळते, तिला जापावाली दीदी म्हणतात. मालिश, शेक, आंघोळ, बाळाचं सगळं. तिचे महिन्याला पंधरा हजार, तीन महिन्यांचे पंचेचाळीस. ही पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत निलेशने 'मदर' असं टाइप केलं आणि पुढे शून्य टाकलं.

मला राग आला. शून्याचा नाही हो. 'मदर'चा! सगळा कागद इंग्रजीत होता, पण आईला मदर म्हटलेलं मला सोसेना. मी लॅपटॉप ओढला आणि मराठी कीबोर्ड लावून ती ओळ स्वतः लिहिली: आई. पुढचं शून्य तसंच ठेवलं. हे मी प्रेमाने केलं होतं. आजही ते आठवलं की वाटतं, आपला आपल्याला चिमटा काढावा.

त्या शून्यामुळे पंचेचाळीस हजार वाचले. निलेश खूश. म्हणाला, मम्मीजी आ रही हैं तो प्रायव्हेट रूम ले लेते हैं, उनको भी आराम रहेगा. उनको भी आराम! मी हो म्हटलं. मला एसी पाहिजे होता, स्वतंत्र बाथरूम पाहिजे होती. निलेशने दुकानातल्या प्रिंटरवर कागद छापून आणला आणि फ्रीजवर चुंबकाने लावला. जसजसा खर्च होईल तसतशी पेनाने बरोबरची खूण करत जायचं.

आई नोव्हेंबरात आली. दोन पिशव्या, एक बोचकं. पिशव्यांत डिंक, मेथ्या, गूळ, घरचं तूप, शेजारणीकडून मागून आणलेला ओवा. बोचक्यात जुनी सुती लुगडी फाडून शिवलेले लंगोट, दोन गोधड्या. यातलं काहीही आमच्या कागदावर नव्हतं, म्हणून ते किती रुपयांचं होतं हे मला आजही माहीत नाही. येताना हेडमास्तरांना सव्वा महिन्याचं सांगून आली होती. तेवढ्यापुरती शेजारची कमळाबाई चूल बघणार होती.

सिझर झालं. मुलगा. काचेची पेटी लागली नाही, बाकी सगळं लागलं. चार दिवस त्या प्रायव्हेट रूममध्ये होतो. मी पलंगावर, बाळ पाळण्यात, आणि आई भिंतीलगतच्या अरुंद बाकड्यावर. एसीने तिचे पाय आखडायचे. दुसऱ्या रात्री जाग आली तर ती खाली फरशीवर गोधडी अंथरून बसलेली, बाळाला मांडीवर घेऊन. मी म्हटलं, झोप ना. म्हणाली, बाकड्यावर कड बदलता येत नाही, बसलेलं बरं. मग म्हणाली, या खोलीचं एका दिवसाचं काय घेतात? मी आकडा सांगितला. तिच्या महिन्याच्या मानधनापेक्षा तो जास्त होता. तिने बाळाचं कानटोपडं सारखं केलं.

घरी आल्यावर तिने मला अंग हलवू दिलं नाही. टाके होते म्हणून पोटाला मालिश नव्हती, पण पायांना, पाठीला, बाळाला दोनदा. समोरच्या फ्लॅटमधली दीदी छत्तीसगढी. तिने बाळंतिणीसाठी काँके पानी करून आणलं, कसल्याशा मुळांचा गूळ-तूप घालून केलेला काढा. आईने चाखून पाहिला आणि विचारलं, यात काय काय हाये? दीदी छत्तीसगढीत सांगायची, आई झाडीपट्टीच्या मराठीत विचारायची, आणि दोघींचं मजेत चालायचं. माझ्यापेक्षा आईच रायपुरात लवकर रुळली असं निलेश म्हणायचा. संध्याकाळी अर्धा तास ती बूढ़ा तालाबाकडे पाय मोकळे करायला जायची. परत आली की फ्रीजमधून पाणी काढायची आणि बाटली हातात धरून थोडा वेळ तिथेच उभी राहायची. तिथे कागद होता. मला वाटायचं, दमली असेल.

सव्वा महिन्याची आंघोळ झाली. दुसऱ्या दिवशी आईने पिशवी काढली. शाळा चालू हाये, म्हणाली, जाऊ दे मले आता. मी बाळाला पाजत होते. आणि मी म्हटलं, या माझ्याच तोंडाने म्हटलं: "अगं राहा ना आई. तुझं तिथं काय अडलं आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तांदूळ निवडताना खडा आहे की दाणा हे बघतात तसं. मग पिशवी परत कपाटाखाली सारली. मला वाटलं, जिंकले. कागदावर गुणिले तीन होतं ना! तीन महिने म्हणजे तीन महिने. एका महिन्यावर सोडलं असतं तर उरलेले तीस हजार कुठून काढले असते? ते तर खोलीत गेले होते. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात. मी तर गरज असतानाच वैद्याला फुकटात धरून ठेवलं.

फेब्रुवारी संपला. जायच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघर आवरत होती. फ्रीजवरच्या कागदावर एव्हाना सगळीकडे खुणा झाल्या होत्या. तिने ओल्या हाताने नाही, हात पदराला पुसून त्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"येवढ्या कागदात मले हेच एक वाचता आलं," ती म्हणाली. "आई. आनि त्याच्यापुढं शून्य."

मी म्हटलं, अगं ते तसं नाही, ते खर्चाचं आहे, तुझा खर्च नाही म्हणून…

"समजते मले. वरच्या ओळीत पंधरा हजार हायेत ते बी समजते. समोरच्या बाईनं सांगितलं, तशी बाई ठेवली तं तेवढे पडतात." मग मला रजिस्टर शिकवावं तशा आवाजात म्हणाली, "पन शून्य लिहू नये सुजे. शून्याच्या अगोदर कोनी एक टाकला का त्याचे दहा होतात. हेडमास्तर लिहू देत नव्हते. काहीच नसन तं निरंक लिहावं."

टोमणा मारला असता तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. पण तिने टोमणा मारलाच नव्हता. तिला खरंच वाटत होतं की कागद नीट लिहावा. 'लिहू देत नव्हते' असं ती म्हणाली, 'देत नाहीत' असं नाही, हेही माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मी बाळाला घेऊन तिला पोचवायला गेले. गावच्या बुद्धविहारात नाव ठेवायचं होतं बाळाचं. गावात पहिल्याच सकाळी मी नऊ वाजता बघते तर आई अंगणात बसलेली, बाळाला ऊन देत. साडेनऊ झाले. मी म्हटलं, शाळा? म्हणाली, "कमळाबाई हाये आता." अजून सुटीवर आहेस का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली, समितीने जानेवारीतच विचारलं होतं, येतेस का नाही ते सांग, लेकरं काही वाट बघत बसत नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. तिने सांगून टाकलं, दुसरी बघा म्हणून.

जानेवारीत. म्हणजे मी 'काय अडलं आहे' म्हणाले त्याच आठवड्यात. माझ्या घरात बसून, माझ्या बाळाचे लंगोट वाळत घालता घालता तिने अकरा वर्षांचं काम फोनवर सोडलं, आणि मला चहा करून दिला. मी विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाली, "तुझे टाके वले होते. काहून सांगू?"

बाया म्हणतील, अडीच हजारांची नोकरी ती काय, मुलीकडे सुखात राहावं. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर सुचलं ते वाक्य. पण बाबा गेल्यावर ती बाई रोज सकाळी ज्या कामासाठी उठत होती, ज्याच्यासाठी तिने मला फलाटावर सोडलं होतं, ते मी एका शून्यात काढून घेतलं. दुपारी शाळेची घंटा व्हायची, अंगणापर्यंत ऐकू यायची. आई बाळाशी बोलता बोलता थांबायची. पोरं ताटं धुवायला नळावर जायची त्याचा गलका यायचा, मग ती परत बोलायला लागायची. आठ दिवस राहिले मी तिथे. आठही दिवस ती घंटा ऐकली.

रायपूरला परत आल्यावर मी कागद फ्रीजवरून काढला, पण फाडला नाही. रजा संपली, ऑफिस सुरू झालं. बाळाला दिवसभर समोरची दीदी सांभाळायला लागली. तिला आम्ही महिन्याला पैसे देतो आणि ती मोजून घेते, त्यात आम्हा दोघींनाही काही वाटत नाही. आईला मी पैसे पाठवायला लागले. पहिल्यांदा पाठवले तेव्हा तिने विचारलं, कशाचे? मला सांगता येईना. नंतर कळलं की तिने ते बाळाच्या नावाने पोस्टात टाकले. दर महिन्याला मी पाठवते, दर महिन्याला ती टाकते. तिच्यासाठी काही केलं असं माझ्या बाजूने उरतच नाही.

गेल्या जूनमध्ये तिचा फोन आला. एरवी मी करते, या वेळी तिने केला. कमळाबाईचे गुडघे गेले, समितीने परत बोलावलं, सोमवारपासून जाते आहे. नवीन गंज आलं, गॅस आला, आता फुंकणी नाही, धूर नाही. दहा मिनिटं बोलत होती. लग्नानंतर इतकं तिने माझ्याशी फोनवर कधी बोललेलं मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि निलेशला म्हटलं, साबण गेला डोळ्यात.

आता मला पुन्हा दिवस आहेत. पाचवा महिना. या वेळी विमा आहे, पॉलिसी आम्ही तोंडपाठ केली आहे. पण सवय जात नाही, निलेश लॅपटॉप घेऊन बसलाच. आता तो आकडे मला विचारून भरतो. सगळं भरून झालं आणि शेवटच्या मथळ्यापाशी त्याने हात आवरला. मागचं त्याला माहीत आहे. म्हणाला, "ये तू भर."

मी मनाशी ठरवलं होतं, या वेळी तिचं सगळं लिहायचं. येण्याजाण्याचं भाडं, डिंक, तूप, बुडणारं मानधन. आणि जापावाली दीदीला जेवढे, तेवढे तिला. एक रुपया कमी नाही. बरोबर केलं असं वाटत होतं. म्हणून आईला फोन लावला, दुपारी दोनला, पोरांची पंगत उठल्यावर. म्हटलं, आई, ऑगस्टची तारीख आहे. ये. आणि या वेळी फुकट नाही हं, महिन्याला पंधरा हजार देईन.

तिकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मले पगारानं ठेवून राहिली का तू?"

अगं तसं नाही, अगं तसं नाही, एवढंच म्हणत राहिले. तेच वाक्य. मागच्या वेळी शून्यावर म्हटलं होतं, या वेळी पंधरा हजारांवर.

मग ती हसली. खरंच हसली, मला कमी वाटू नये म्हणून असेल. म्हणाली, ऑगस्टात शाळा असते बाई, मी काही येत नाही. पंधरा हजारात तुले चांगली बाई भेटन, ठेव. "मागच्या येळी इकडं बदलीवर बाई भेटली, म्हनून भेटली. आता नाही भेटत. लेकरायचं ताट थांबत नाही." दिवाळीच्या सुट्यांत आठ दिवस येते, बाळाला पाहून जाते, तोपर्यंत डिंकाचे लाडू कोणासोबत तरी पाठवते. आणि मागून कोणीतरी हाक मारली, तशी 'ठेवतो' म्हणून तिने फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसले. पुन्हा आमगावच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं, गाडी यायची आहे आणि ती उठून चालली आहे. फक्त या वेळी राग आला नाही. या वेळी मला बरं वाटलं, आणि इतकं एकटं वाटलं की सांगता येत नाही. दोन्ही एकदम.

निलेशने विचारलं, "तो क्या लिखूँ?" मी लॅपटॉप घेतला. पहिल्या ओळीत जापावाली दीदीचे पैसे भरले, आता अठरा हजार झाले आहेत. दुसऱ्या ओळीत मराठी कीबोर्ड लावून 'आई' लिहिलं, आणि पुढे, तिने शिकवलं तसं, निरंक. निलेश वाचून म्हणाला, मतलब मम्मीजी नहीं आ रहीं? मी म्हटलं, हव, नहीं आ रहीं.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं. भाडं आम्ही बूढ़ापाऱ्यात देतो, गॅसची नोंद इथली, माझा मुलगा मला 'मम्मी' म्हणतो आणि भूक लागली की समोरच्या दीदीच्या बोलीत खायला मागतो. हेच घर. इथल्या कागदावर माझी आई निरंक आहे, आणि ते मी माझ्या हाताने लिहिलं आहे. पण आमगावपासून सहा किलोमीटरवर दुसरं एक रजिस्टर आहे. त्यात रोज पोरं किती, तांदूळ किती, तेल किती, आणि शेवटच्या रकान्यात तिची सही असते.